पावसाळ्यानंतर कॅम्पिंग स्टोव्ह पेटत नाही, लायटर बदलू का?

पेडण्याचा_भटक्या:
कॅनिस्टरवर (गॅसच्या छोट्या डब्यावर) थेट स्क्रूने बसणारा छोटा स्टोव्ह आहे, कॅनिस्टर २३० ग्रॅमचा. जूनपासून मोरजीच्या घरात कपाटात होता. बटण दाबल्यावर टिक वाजतं, ठिणगी दिसते, पण पेट घेत नाही. काडीने पेटतो, मात्र ज्योत पिवळी आणि भांड्याला काजळी. कॅनिस्टर हलवला की आत द्रव जाणवतो. रविवारी नेत्रावळीला जायचंय.

सत्तरीकर:
लायटर इतक्यात घेऊ नका. काडीने पेटूनही ज्योत पिवळी, म्हणजे गॅस येतोय पण त्यात हवा मिसळत नाही. थंडीचा प्रश्न आपल्याकडे नाहीच, कॅनिस्टरमधला ब्यूटेन गॅस उणे ०.५ अंशाला उकळतो.

कॅनिस्टर काढा. बर्नरखालच्या नळीला बाजूला हवेची भोकं असतात, त्यांतून टॉर्च मारून पाहा. पावसाळ्यात बंद पडलेल्या स्टोव्हच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याची माती हमखास सापडते. बारीक ब्रशने ती काढा. मग पितळी जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) पान्याने सोडवून १५-२० मिनिटं सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा आणि बारीक तोंडाकडून उलटी फुंकर मारा. फेणी वापरू नका, तिच्यात अल्कोहोल साधारण ४२ टक्केच, बाकी मुख्यतः पाणी. पिन किंवा सुई तर अजिबात घालू नका. भोक जेमतेम ०.३ मिमीचं असतं आणि पितळ मऊ. ते मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी राहते.

किनाऱ्यावरचा:
वरचं अगदी बरोबर, पण तुमच्याकडे दोन बिघाड एकत्र दिसतात. ठिणगी आहे, तरी पेटत नाही, म्हणजे ती चुकीच्या जागी पडतेय. अंधारात, कॅनिस्टर न लावता बटण दाबा. लायटरच्या तारेच्या टोकाकडून बर्नरवर न जाता ठिणगी खाली चिनी मातीच्या नळीवरून सरकत असेल, तर तिथे खारा ओलावा बसलाय. समुद्राजवळच्या घरात हे होतंच. स्पिरिटच्या कापडाने पुसा, पूर्ण सुकवा, तारेचं टोक बारीक पॉलिशपेपरने घासा. टोक आणि बर्नर यांत ३-४ मिमी अंतर ठेवा. नळीला चीर असेल तरच नवीन लायटर घ्या.

पेटवताना नॉब पाव फेराच उघडा. पूर्ण उघडला की गॅसचा झोत ठिणगी पकडण्याआधीच पुढे निघून जातो.

पेडण्याचा_भटक्या:
नळीत खरंच माती निघाली! आणखी एक. घरच्या सिलिंडरमधून हाच कॅनिस्टर भरून घेतला तर चालेल का?

सत्तरीकर:
कृपा करून भरू नका. घरगुती गॅसमध्ये ब्यूटेनसोबत प्रोपेनही असतो. ३० अंशांना नुसत्या ब्यूटेनचा दाब वातावरणापेक्षा २ बारनेही जास्त नसतो, प्रोपेनचा मात्र १० बारच्या आसपास. शिवाय घरी भरताना वर रिकामी जागा किती राहिली ते कळत नाही; उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत द्रव फुगला की पत्रा फाटू शकतो.

जोडणीतली काळी ओ-रिंग (रबरी कडी) तडकली असेल तर त्याच मापाची नवीन घाला. मग उघड्यावर कॅनिस्टर लावा, नॉब बंद ठेवून जोडावर साबणाचं पाणी सोडा. एक जरी बुडबुडा वाढताना दिसला तर काडी लावू नका, लगेच कॅनिस्टर काढा.