संगणक येतो याचा वेगळा दाखला हवाच कशाला? (युरोपातले धंदेशिक्षण, डिजिटल कौशल्ये आणि मान्यता)

नेकारकाठ (धागाकर्ता):
२०३० पर्यंत ८० टक्के प्रौढांना किमान डिजिटल कौशल्ये आलीच पाहिजेत, असे युरोपीय संघाने ठरवून टाकले आहे. २०२३ च्या पाहणीत आकडा ५६ टक्क्यांच्या आसपास होता. ही दरी बुजवायला ब्रसेल्सला सुचणारा उपाय नेहमीचाच: आराखडा काढा, त्यात पायऱ्या आखा, पायरीपायरीला दाखले वाटा. 'डिजकॉम्प' नावाचा आराखडा २०१३ मध्ये आला, २०२२ पर्यंत त्याच्या दुरुस्त आवृत्त्या निघत राहिल्या. ५ क्षेत्रे, २१ क्षमता, ८ पातळ्या. जून २०२२ मध्ये मायक्रो-क्रेडेन्शियल, म्हणजे छोट्या अभ्यासक्रमांच्या सुट्या दाखल्यांची शिफारस मंजूर झाली. सगळ्या युरोपात चालेल असे एकच डिजिटल कौशल्य प्रमाणपत्र काढायचेही घाटते आहे.

मला हा रस्ताच पटत नाही. संगणक येणे हे काही हवेत तरंगणारे कौशल्य नव्हे. ते लेथवर लागते, रुग्णाच्या खाटेपाशी लागते, गोदामात लागते, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे लागते. जर्मनीत आउसबिल्डुंगची, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस धंदेशाळेत अशी तीन-साडेतीन वर्षांची उमेदवारी असते. ऑगस्ट २०२१ पासून तिथे जी नियमावली नव्याने लिहिली जाते, तिच्यात 'डिजिटल कामाचे जग' हा भाग सक्तीचा आहे, धंदा कुठलाही असो. शिकाऊ मुलगी डेटाची सुरक्षितता शिकते ती आपल्याच दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांवर. तिला वेगळा दाखला मिळत नाही, मिळतो तो धंद्याचा, आणि बाकीचे त्यातच आले. खुद्द आयटीतही हेच. १९९७ मध्ये संगणकतज्ज्ञाची उमेदवारी सुरू झाली, २०२० मध्ये तिचा अभ्यासक्रम नव्याने लिहिला, आणि पदवी न घेता तिथून बाहेर पडलेली मुले इथल्या जर्मन कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात.

म्हणून प्रश्न: सुट्या प्रमाणपत्रांवर चाललेला खर्च धंदेशिक्षणाकडे वळवावा की नाही? मते येऊ द्यात. 'दोन्ही हवे' एवढेच लिहायचे असेल तर कृपया नका लिहू.

ल्योंकर:
असहमत, आणि तेही तुमच्याच आकड्यावरून. ज्या पाहणीत युरोप ५६ टक्के येतो, त्याच पाहणीत जर्मनी साधारण ५२ वर आहे. सरासरीच्या खाली! नेदरलँड्स आणि फिनलंड ८० च्या वर. आउसबिल्डुंगमध्ये सगळे मुरत असेल तर मग मुरले कुठे?

मी इथे लिसेत, म्हणजे फ्रान्समधल्या वरच्या माध्यमिक शाळेत शिकवते. फ्रान्समध्ये २००० पासून 'बे-दे-इ' नावाचा प्रकार होता. शिक्षकाने यादी घ्यायची आणि मुलाला ईमेल येतो का, बरोबरची खूण, मुलाला फाइल जतन करता येते का, बरोबरची खूण. वर्षाअखेरीस स्टाफरूममध्ये बसून या खुणा कशा होत असतील ते शिक्षकांनाच विचारा. त्याची जागा 'पिक्स' या ऑनलाइन चाचणीने घेतली. डिजकॉम्पवरच बेतलेले, १६ क्षमता, उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड. प्रश्न पाठांतराचे नसतात. खरोखरच एखादी फाइल उघडून त्यातली माहिती हुडकावी लागते. शाळा संपताना त्याचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, धंदेशिक्षणाच्या वर्गांनाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांचा अंगठा मोबाइलवरून हलत नाही, त्यांना साध्या तक्त्यात बेरजेचे सूत्र लिहिता येत नाही, हे मला या परीक्षेमुळे कळले. एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२३ मध्ये युरोपीय संघातली आठवीतली ४३ टक्के मुले किमान पातळीच्या खाली निघाली. मोजलेच नसते तर 'ही पिढी जन्मतःच डिजिटल' म्हणत आपण निवांत बसलो असतो.

नेकारकाठ:
@ल्योंकर, त्या ५२ आणि ५६ ची गोम सांगतो. ती परीक्षा नाहीच. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही इंटरनेटवर अमुक केले का, तमुक केले का, असे विचारतात आणि उत्तरांवरून पातळी ठरवतात. जर्मन माणूस सरकारी अर्ज कागदावर भरतो, कारण सरकारच कागद मागते. त्यात सुताराच्या उमेदवारीचा काय दोष? आठवीतल्या मुलांची ती चाचणी मात्र खरी चाचणी आहे, हे मान्य. पण ती शाळेतली मुले. मी बोलतोय शाळेनंतरचे.

ल्योंकर:
म्हणजे आकडा बाजूने असला की धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात, आणि विरुद्ध गेला की 'ती परीक्षाच नाही'. छान!

तलाठीपुत्र:
युरोपातले मला काही कळत नाही, पण सक्तीच्या संगणक प्रमाणपत्रावर आम्ही महाराष्ट्रातले लोक अधिकारवाणीने बोलू शकतो. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली. हेतू उत्तम होता आणि सुरुवातीला फायदाही झाला. तालुक्याच्या गावात माउस हातात धरलेली पहिली पिढी त्याच वर्गांतून निघाली. पण सरकारी नोकरीला ती अट झाली, मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी अडकल्या, आणि मग प्रमाणपत्र ही शिकायची गोष्ट न राहता फाइलीला जोडायची गोष्ट झाली. आमच्या तीर्थरूपांकडे ते आहे, लॅमिनेट केलेले. सातबारा ऑनलाइन काढायचा झाला की हाक मला.

तेव्हा नेकारकाठ यांना +१. दाखला सक्तीचा केला की दाखलाच मिळतो.

रात्रपाळी:
तुमच्या दोघांचे भांडण एकाच घरातले आहे. दोघांनाही कागद हवा, फक्त कुणाच्या सहीचा यावर वाद.

मी कोडिंग करतो. पदवी अर्धवट सोडली. नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनी आयटीवाल्यांना पदवीशिवाय ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी लोकांसाठीचा काम-वास्तव्याचा परवाना देते: गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव दाखवा, ठरलेल्या पगाराची नोकरी मिळवा, बास. जो देश चिमणी झाडण्यासाठीही सरकारमान्य परीक्षा मागतो, त्यानेच आयटीत कागदाचा आग्रह सोडला, कारण माणसे मिळेनात. तिकडे पॅरिसात २०१३ पासून 'एकोल ४२' चालू आहे. फी नाही, मास्तर नाहीत, बारावी पास का विचारत नाहीत. एक महिनाभर तुम्हाला प्रकल्पांच्या पाण्यात फेकतात, तरलात तर प्रवेश. आयटीत मान्यता म्हणजे तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम. तो चालतो किंवा चालत नाही.

ल्योंकर:
@रात्रपाळी, ज्याला घरी संगणक होता, इंग्रजी येत होते आणि एक महिना बिनपगारी काढणे परवडत होते, त्याच्यापुरते हे ठीक आहे. साठीला आलेली सफाई कामगार बाई, जिला कामाच्या पाळ्या ॲपवर येतात, तिने कुठला प्रोग्रॅम दाखवायचा? तिला काय येते आणि काय शिकवायचे हे कळायला सुटी, छोटी चाचणीच लागते. उमेदवारी तर तिच्यासाठी नाहीच.

आणि नेकारकाठ, उमेदवारीच्या गोडव्यात एक गोष्ट तुम्ही हळूच गाळलीत. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांची वाटणी होते. कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार आणि कोण नाही, ते तिथे ठरते. नंतर रुळ बदलता येतो हे मला माहीत आहे, पण किती जण बदलतात? धंदेशिक्षणाला एवढा मान असेल तर डॉक्टर-वकिलांची मुले त्यात का दिसत नाहीत?

नेकारकाठ:
दिसतात. अबिटूर म्हणजे तिथली बारावी झालेली बरीच मुले आधी उमेदवारी करतात, बँकेत, आयटीत. पण चौथीनंतरच्या वाटणीचे समर्थन मी करणार नाही. ती वाईटच आहे.

मानाचे म्हणाल तर मजेदार इतिहास आहे. युरोपात २००८ पासून सगळ्या शिक्षणाला एकाच आठ पायऱ्यांच्या शिडीवर बसवायचे ठरले. जर्मनीत त्यावरून जुंपली. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांना अबिटूर पाचव्या पायरीवर हवी होती आणि उमेदवारी तिच्याखाली. मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना, ज्यांचे एरवी कशावर पटत नाही, त्या एकत्र उभ्या राहिल्या: साडेतीन वर्षे काम शिकलेला मुलगा बारावीवाल्याच्या खाली का? २०१२ मध्ये तोडगा निघाला तो असा, की शालेय परीक्षांना तूर्त शिडीवर बसवूच नका! शेवटी २०१७ मध्ये अबिटूर चौथ्या पायरीवर आली, तीन-साडेतीन वर्षांच्या उमेदवारीच्या शेजारी. आणि माइस्टर, म्हणजे धंद्यातली वरची परीक्षा दिलेला उस्ताद, सहाव्या पायरीवर आहे. बॅचलर पदवीही सहाव्याच पायरीवर.

पुणेरी पाटी:
पायरी एकच. पण स्थळ सांगून आले तर मुलीचे वडील कोणत्या सहाव्या पायरीला चहा पाजतील, एवढेच सांगा.

नेकारकाठ:
@पुणेरी पाटी, नळ गळायला लागला की माइस्टरला. तोही तीन आठवड्यांनी येतो.

तांपेरेकर:
फिनलंडचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आधी एक गंमत: संगणक चालवण्याचा परवाना नावाची ती सुटी परीक्षा, जी पुढे ईसीडीएल म्हणून जगभर गेली, ती निघाली इथूनच, नव्वदच्या दशकात. तेव्हा सुट्या दाखल्यांचे पाप आमच्या माथी मारायला हरकत नाही. पण त्याच सुमारास इथे दुसरीही गोष्ट सुरू झाली. प्रौढ माणसाने वर्गात न बसता थेट येऊन काम करून दाखवायचे आणि धंद्याची पूर्ण पात्रता मिळवायची. २०१८ च्या सुधारणेत तेच सगळ्या धंदेशिक्षणाला लावले. पात्रता १८० गुणांची, प्रत्येकाची शिकण्याची योजना वेगळी, आणि लेखी परीक्षेऐवजी खऱ्या कामाच्या जागी प्रात्यक्षिक. बघायला एक शिक्षक आणि एक त्या धंद्यातला माणूस. जे आधीच येते ते पुन्हा शिकवत नाहीत, त्याचे गुण मांडून मोकळे होतात.

ल्योंकरांच्या सफाई कामगार बाईला इथे ॲपवर पाळी कशी बघतेस, रसायनाची माहिती कशी शोधतेस, हे तिच्या कामातच दाखवता येते. त्यासाठी दहाव्या वर्षी वाटणी लागत नाही आणि पडद्यासमोर बसवून परीक्षाही लागत नाही. तक्रारी आहेतच. २०१८ नंतर वर्गातले तास घटले, कोवळी मुले एकटी पडतात, 'स्वतःची योजना' म्हणजे घरी झोपणे असे पालक म्हणतात. चाळिशीच्या माणसाला जे मानवते ते सोळाव्या वर्षी मानवेलच असे नाही.

तलाठीपुत्र:
बाहेरचा माणूस बघायला येतो म्हणजे त्याच्या चहापाण्याची सोय कोण बघतो? (प्रात्यक्षिक परीक्षांचा आमचा अनुभव. ह.घ्या.)

फिटर मास्तर:
राम राम मंडळी. आयटीआयमधून निवृत्त झालो. चर्चा वाचली, पायऱ्यांचे डोक्यावरून गेले, पण एक खरी अडचण विचारतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १०,००० तरुण पाठवायचे म्हणून मोठ्या बातम्या आल्या. तेव्हापासून जुनी पोरे फोन करतात. त्यातला एक इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा आयटीआय, राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, नंतर सहा वर्षे भोसरीत पॅनल बनवायच्या कारखान्यात. पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातली यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा प्रोग्रॅम तो झोपेत लिहील, पण त्याचा कागद नाही. शॉपफ्लोअरवर बघून शिकला. तुमच्याकडे साडेतीन वर्षांची उमेदवारी, आमची दोन. त्याने पीएलसीचे ऑनलाइन प्रमाणपत्र काढावे की आहे त्यावर अर्ज करावा? क्लासवाले ३५ हजार मागतात.

नेकारकाठ:
मास्तर, नमस्कार. ३५ हजार जर्मनच्या क्लासला घाला.

परदेशी पात्रता तपासायचा कायदा जर्मनीत २०१२ पासून आहे. औद्योगिक धंद्यांचे अर्ज बहुतेक करून न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसा या एका कचेरीत जातात. ते आयटीआयचा अभ्यासक्रम जर्मन धंद्याशेजारी ठेवतात आणि काय कमी ते लिहून देतात. दोन आणि साडेतीन वर्षांतला फरक निघणारच, पण तो कामाच्या अनुभवाने भरून काढता येतो. सुटे ऑनलाइन प्रमाणपत्र तिथे फारसे वजन टाकत नाही. वजन पडते ते अनुभवाच्या दाखल्याचे. कागद पुरेसा नसेल तर कायद्यात प्रात्यक्षिकाचीही सोय आहे, तज्ज्ञांसमोर काम करून दाखवायचे.

ल्योंकर:
म्हणजे जर्मनीतही फिनलंडच! आणि अनुभवाचा दाखला हा सुटा दाखला नव्हे, हे कसे काय बुवा?

नेकारकाठ:
तो मालकाच्या सहीचा आणि केलेल्या कामाचा आहे, कुठल्या ॲपच्या गुणांचा नाही. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

ल्योंकर:
मालकाने सही दिली तर. ज्या बाईचा ठेकेदार वर्षाला बदलतो तिला कोण देणार?

फिटर मास्तर:
ताईंचे बरोबर आहे, पण या पोराचा मालक देईल. अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे दाखला म्हणजे दोन ओळी: 'अमुक ते अमुक नोकरीस होता, वर्तणूक चांगली.' पीएलसीचे नाव नाही.

नेकारकाठ:
तेवढ्यावर भागणार नाही. इथे नोकरी सोडताना काय काय काम केले आणि कसे केले याचा सविस्तर दाखला मागण्याचा कामगाराला कायद्याने हक्क आहे, त्यामुळे कचेरीला तसाच कागद वाचायची सवय आहे. कोणती पॅनल, किती व्होल्टेज, पीएलसी कोणत्या कंपनीचा, प्रोग्रॅम स्वतः लिहिला की नुसता बदलला, तपासणी आणि नोंदी कोण करायचे, कधीपासून कधीपर्यंत. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी. मग भाषांतर, पण अधिकृत भाषांतरकाराकडूनच.

फिटर मास्तर:
मजकूर मीच लिहून देतो, मालक सही करेल. त्याचा बाप माझ्याच हाताखाली शिकलाय.