गोटू घरी जेवत का नाही?

सेक्रेटरी काका (अ-१०१): उद्या सकाळी ७ ते ९ पाणी बंद राहील. टाकी धुवायची आहे. रात्रीच भरून ठेवा.

वृषाली (ब-३०२): काका, मधेच विचारते, सॉरी. आमचा गोटू चार दिवसांपासून धड जेवतच नाहीये. लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे, ११ आठवड्यांचं. वाटी भरून ठेवली की दोन घास खातो, नाक फिरवतो आणि कूलरसमोर जाऊन पसरतो. फूड आवडत नसेल म्हणून दोनदा बदललं, गोकुळपेठेतून महागाचंही आणलं. कालपासून शी पातळ होतेय. कोणाकडे लहान पिल्लू होतं का? किती वेळा द्यायचं आणि किती?

सेक्रेटरी काका (अ-१०१): हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्सकरता आहे 🙏

नरेंद्र काका (अ-२०१): राहू द्या ना साहेब, लिफ्ट तं तशीही आठ दिवसांची बंदच आहे. वृषाली, आमच्याकडे जर्मन शेफर्ड होता, टायगर. आम्ही काही मोजूनमापून नाही दिलं. सकाळ-संध्याकाळ दोन टाइम, पोट टम्म होईस्तोवर. आणि कॅल्शियमचं सिरप चालू कर. मोठ्या जातीचा आहे, हाडं मजबूत पाहिजेत.

माई आजी (क-२): लेकराले दूध दे वो. दुधात पोळी कुस्करायची. आमच्या काटोलले सारे पिल्लं दूध-भाकरीवरच मोठे झाले. पाकिटातल्या त्या गोळ्या कोण खाईन बाप्पा.

रोहित (ब-४०१): नवतपा चालू आहे, ४५ डिग्री. जेवण तर मलाही जाऊन नाही राह्यलं.

वृषाली (ब-३०२): अरे पण लॅब आहे तो. आल्या आल्या माझी चप्पल खाल्ली होती त्याने.

सायली (क-१०४): ताई, कॉलेजच्या दवाखान्यात रात्रपाळी होती, आत्ता उठले. आधी एवढं सांगा. उलटी झाली? शीमध्ये रक्त? खेळतो का? लस आणि जंताचं औषध कुठवर आलं?

आर्यनची आई (ब-२०३): बरं झालं सायली आली. ती सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला इंटर्न आहे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी.

वृषाली (ब-३०२): उलटी नाही, रक्त नाही. पायजम्याला लटकतो, धावतो, सगळं करतो. लस पहिली झाली, दुसरी शनिवारी आहे. जंताचं औषध दोनदा झालं.

सायली (क-१०४): मग आज रात्री घाबरण्यासारखं काही नाही. पण सुस्त पडला, उलट्या सुरू झाल्या किंवा रक्त दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. या वयात पार्व्हो, म्हणजे आतड्याचा जीवघेणा आजार, झाला तर उशीर करून चालत नाही. जंताचं औषध १२ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. शनिवारी डॉक्टरांना पुढची तारीख विचारून घ्या. आता मुद्द्याचं. वाटी म्हणजे कोणती वाटी?

वृषाली (ब-३०२): आमटीची.

सायली (क-१०४): आमटीची वाटी प्रत्येक घरात वेगळी असते ताई. किचनमधला काटा असेल तर मोजा.

वृषाली (ब-३०२): भरली ९० ग्रॅम. अशी चार वेळा. पाकिटावर ३६० ग्रॅमच लिहिलं आहे, पाहूनच देते. फोटो टाकते.

सायली (क-१०४): फोटो पाहिला. तुम्ही ओळ बरोबर धरली, रकाना चुकला. डावीकडे ३० किलो लिहिलंय ते मोठेपणीचं वजन, ते लॅबला ठीक आहे. पण ३६० हा आकडा पाच महिन्यांच्या रकान्यातला आहे. गोटूचं आजचं वजन किती?

वृषाली (ब-३०२): थांब.

वृषाली (ब-३०२): त्याला उचलून काट्यावर उभी राहिले, मग एकटी. फरक ७ किलो. बाकीचे दोन आकडे ग्रुपवर टाकणार नाही.

सायली (क-१०४): पुरे आहे तेवढं. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. ७ × ७ × ७ करा आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. ४.३ येईल. त्याला ७० ने गुणा, साधारण ३००. नुसतं पडून राहायलाही एवढ्या कॅलरी लागतात. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या तिप्पट द्यायचं, म्हणजे ९००. चार महिन्यांनंतर दुप्पट धरतात. तुमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी छापल्यात. म्हणजे दिवसाला २४० ग्रॅम, चार वेळा ६०-६०. दर आठवड्याला वजन करायचं आणि नवीन वजनावर हाच हिशोब पुन्हा मांडायचा. चार महिन्यांचा झाला की तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा, आणि मग कायम दोनच.

रोहित (ब-४०१): बारावीनंतर वर्गमूळ आज भेटलं.

नरेंद्र काका (अ-२०१): एवढा हिशोब तं मी पोरीच्या लग्नात नाही केला.

सायली (क-१०४): काका, आकडा नुसता सुरुवातीला. खरी परीक्षा हाताची. मूठ वळून बोटांच्या गाठींवर दुसरं बोट फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर पिल्लू वाळलेलं आहे. अंगठ्याखालच्या मऊ गादीसारख्या लागत असतील तर जाड. हात पालथा करून सरळ धरला की वरची हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. टम्म पोट म्हणजे तब्येत नाही, पुष्कळदा ते जंतच असतात.

वृषाली (ब-३०२): पण सायली, ९० सोड, तो ६० पण संपवत नाहीये गं.

सायली (क-१०४): तेच मला पटत नाहीये. उन्हाळ्यात भूक थोडी मंदावते, मान्य. पण धडधाकट लॅबचं पिल्लू वाटी सोडून जातं? ताई, तो बाहेर कुठे जेवून येत नाहीये ना?

वृषाली (ब-३०२): छे. संध्याकाळी मुलं पार्किंगमध्ये नेतात शी-शूला, तेवढंच.

आर्यनची आई (ब-२०३): आर्यनला विचारलं. "थोडी" बिस्किटं देतो म्हणाला. थोडी म्हणजे प्रत्येकी दोन. मुलं चार. सुट्ट्या लागल्यापासून रोज.

माई आजी (क-२): ते पिल्लू माह्या दाराशी येऊन बसते नं वो. मी आपलं अर्धा पेला दूध ठेवते. म्हशीचं आहे, चांगलं घट्ट.

सेक्रेटरी काका (अ-१०१): ग्रुपचा विषय नाही, पण वॉचमन भाऊंना विचारून आलो. सकाळी न्याहारीच्या वेळी ते एक पोळी देतात म्हणे.

वृषाली (ब-३०२): सकाळी? सकाळी तर मी ऑफिसच्या कॉलवर असते आणि गोटू आबांजवळ असतो.

आबा (ब-३०२): हा मेसेज डिलीट केला गेला आहे

वृषाली (ब-३०२): आबा?

आबा (ब-३०२): पेपर आणाले खाली जातो तं तो मागं येते. त्याले घरी एकटं कसं सोडाव.

आबा (ब-३०२): आणि पहाटे चहासोबत मी एक पोळी देतो. तूप लावून. ते माह्याकडे असं पाहते का घासच गिळला जात नाही.

वृषाली (ब-३०२): अहो आबा, तुम्ही बाजूच्याच खोलीत आहात, हे ग्रुपवर सांगताय?

आबा (ब-३०२): तोंडानं सांगाची हिंमत नाही झाली.

रोहित (ब-४०१): आबा 😂

सायली (क-१०४): थांबा, बेरीज करू. आठ ग्लुकोज बिस्किटं, साधारण १७०. अर्धा पेला म्हशीचं दूध, १००. वॉचमन भाऊंची पोळी, ११०. आबांची तुपाची, १५०. झाले ५३०. नऊशेपैकी सव्वापाचशे पोटात आधीच आहेत. उरले ३७०, म्हणजे बरोबर १०० ग्रॅम फूडचे दाणे.

वृषाली (ब-३०२): अगं दिवसभरात साधारण तेवढेच संपतात!

सायली (क-१०४): मग पिल्लू हिशोबाला पक्कं आहे. चूक त्याची नाही. पोट भरतंय, पण पोळी-बिस्किटात वाढीपुरतं प्रोटीनही नाही आणि कॅल्शियमही नाही. वरचा खाऊ जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे गोटूला दिवसाला ९० कॅलरी. आबांच्या एका पोळीतच त्याच्यावर जातं.

सायली (क-१०४): आणि पातळ शीचं मला दोन गोष्टींमुळे वाटतं. आईचं दूध सुटलं की पिल्लांना दुधातली साखर पचवणं कमी कमी होत जातं. चमचाभर दही बहुतेकांना चालतं, पेलाभर दूध नाही. दुसरं, चार दिवसांत तुम्ही फूड दोनदा बदललं. बदलायचंच असेल तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत जायचं. आता जे चालू आहे तेच राहू द्या. दोन दिवसांत शी घट्ट झाली नाही तर दाखवून घ्या.

माई आजी (क-२): मंग आमच्या काटोलचे पिल्लं कशे जगले?

सायली (क-१०४): आजी, जी जगली तीच तुमच्या ध्यानात आहेत.

माई आजी (क-२): हं. ते बी खरंच.

नरेंद्र काका (अ-२०१): कॅल्शियमचं काय मग?

सायली (क-१०४): नका देऊ काका. पिल्लांच्या फूडमध्ये ते हिशोबाने घातलेलं असतं. एवढ्या लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, वरून दिलेलं शरीरात शिरतंच, आणि मोठ्या जातीत त्यानेच हाडांची वाढ बिघडते. पोट फुटेस्तोवर खाऊ घालून भराभर वजन वाढवलं तरी सांध्यांवर भार येतो. लॅब आणि शेफर्डला मागच्या खुब्याचा त्रास तसाही जास्त.

नरेंद्र काका (अ-२०१): टायगरचे मागचे पाय सहाव्या वर्षीच गेले होते. आम्ही वय समजलो.

सायली (क-१०४): काका, ते जातीतूनही येतं. एका सिरपमुळे झालं असं मी नाही म्हणू शकत.

नरेंद्र काका (अ-२०१): नाही, तू बरोबर सांगितलं बेटा.

रोहित (ब-४०१): सायली, रविवारी आमच्याकडे सावजी असतं. एखादी हड्डी चालेल?

सायली (क-१०४): अजिबात नाही. कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला घातक, आणि शिजलेलं हाड फुटून टोकदार तुकडे होतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुकेही नाही. शिऱ्यातला मनुका कोणी प्रेमाने देतं, तोही नाही. उकडलेलं अंडं चालतं, पण दहा टक्क्यांत धरून.

वृषाली (ब-३०२): आणि वेळा? दुपारी तर तो वाटीकडे बघतही नाही.

सायली (क-१०४): दुपारी कशाला? साडेपाच, साडेदहा, चार आणि रात्री नऊ. चारचं कूलरच्या खोलीत. वाटी १५-२० मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर उचलायची, मागे लागायचं नाही. भिजवलेले दाणे या उन्हात लवकर आंबतात, उरलेले पुढच्या वेळेला ठेवू नका. जेवल्यावर १५-२० मिनिटांत शी येते, तेव्हा बाल्कनीतल्या पेपरवर न्यायचं. पार्किंगमध्ये नाही! लसी पूर्ण व्हायच्या आहेत आणि तिथे बाहेरची कुत्री येतात.

आर्यनची आई (ब-२०३): मुलं रडतील.

सायली (क-१०४): रडू नका म्हणावं. ताई सकाळीच २४० ग्रॅम एका डब्यात काढून ठेवतील. ज्याला ज्याला गोटूला द्यायचंय त्याने वर येऊन त्याच डब्यातलं द्यायचं. मुलांना प्रत्येकी दहा दाणे. डबा रिकामा झाला की दुकान बंद. आबा, पहाटेची साडेपाचची पाळी तुमची.

आबा (ब-३०२): चालते. दाण्यावर तूप?

वृषाली (ब-३०२): आबा.

आबा (ब-३०२): विचारून पाह्यलं.

*गुरुवार*

वृषाली (ब-३०२): अपडेट. शी कालपासून घट्ट आहे. आज चारही वाट्या साफ, चौथी तर भिंतीपर्यंत ढकलत नेऊन चाटली. आबा पहाटे साडेपाचला साठ ग्रॅम काट्यावर मोजतात, एक दाणा जास्त झाला तर काढतात. वॉचमन भाऊ ड्यूटी संपल्यावर येऊन दहा दाणे देऊन गेले.

सेक्रेटरी काका (अ-१०१): ब विंगच्या तिसऱ्या माळ्यावर चार वाजता मुलांची गर्दी होऊन राहिली. चपला जिन्यात काढू नये. एक चप्पल गोटूने नेल्याची तक्रार आहे.

माई आजी (क-२): ते सारं ठीक आहे. लिफ्ट कधी सुरू होते ते सांगा. मले तिसऱ्या माळ्यावर जायचं आहे.