तुंबलेली मोरी, तुंबलेले सिंक : आपले अनुभव लिहा

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातली तिसरी अंघोळ चालू असताना आमच्या न्हाणीघरातले पाणी घोट्यापर्यंत चढले. सणाच्या दिवशी त्या वेळी प्लंबर कोठून मिळणार? हाताला दुधाची रिकामी पिशवी बांधून जाळी उचलली आणि नहाणी ट्रॅपमधली, म्हणजे जाळीखालच्या खोलगट भांड्यातली, वाटी बाहेर काढली, तेव्हा तिच्याखाली उटणे, तेल आणि केस यांचा पेढ्याएवढा घट्ट गोळा सापडला. उटणे पाण्यात विरघळत नाही, ते भिजून फुगते आणि केसांत अडकून बसते, हे त्या दिवशी कळले. घरातल्याच वस्तू वापरून आपण मोरी किंवा सिंक कसे मोकळे केले, आणि कोणता उपाय फसला, तेही सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

आमच्याकडे दर महिन्याला अर्धी वाटी खाण्याचा सोडा आणि तेवढेच व्हिनेगर सिंकमध्ये ओतण्याचा शिरस्ता आहे. फसफस ऐकू येते, वासही कमी होतो. मात्र गेल्या पावसाळ्यात सिंक पुरते तुंबले, तेव्हा तीनदा हा प्रयोग करूनही पाणी तसूभर हलले नाही.

*

वरील ताईंच्या अनुभवाचे कारण सांगते. मी बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्याने ना तुपाचा थर सुटतो ना केसांचा गुंता. तेलकटपणासाठी भांडी घासण्याचा द्रव साबण दोन-तीन चमचे ओतून वर बादलीभर गरम पाणी सोडणे अधिक कामाचे. पाणी उकळते मात्र नसावे, कारण पीव्हीसीचा पाइप त्या उष्णतेने मऊ पडतो आणि सांधे सैल होतात. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते : मोरीत आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर तिच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा फरशी धुण्याचे ॲसिड कदापि ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आमच्या काकू दार लावलेल्या न्हाणीघरात हे करून बसल्या आणि दोन दिवस खोकत होत्या.

*

पुण्यात थंडीच्या दिवसांत आमची मोरी हमखास तुंबते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते, त्यामुळे डोक्यावरून अंघोळ झाली की पाइपच्या आत त्याचा लेप बसत असावा, असा माझा कयास आहे. त्या दिवसांत शेवटचा तांब्या कढत पाण्याचा ओततो.

*

केसांवर तारेशिवाय उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घ्यावी, तिच्या एका टोकाचे पीळ बोटभर उसवून ते कुंच्यासारखे पसरावेत, आणि केबल आत सारून एकाच दिशेने फिरवत राहावी. केस आपोआप गुंडाळले जातात. ओढताना घाई केली की अर्धा गुंता आतच राहतो. (बाहेर जे येते, ते जेवणाआधी पाहू नये.)

*

रबरी पंप वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : बेसिनच्या वरच्या कडेखाली जे छोटे भोक असते, ते ओल्या फडक्याने घट्ट बुजवल्याशिवाय दाब बसत नाही. मी अर्धा तास व्यर्थ घाम गाळला होता.

*

आमच्या सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपला जोडलेला बाटलीसारखा भाग, हाताने उघडतो. खाली बादली ठेवून तो फिरवला, तर चहाचा चोथा, भाताची शिते आणि त्यांत सासूबाईंच्या कुडीची फिरकी निघाली. ती हरवली म्हणून सोनाराकडून नवी घडवून घेतली होती. आता डब्यात तीन फिरक्या आहेत.