पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढून मांडी वाचत नसते

कबड्डी कोच, दर्यापूर : काल एका दादांनी इथं लिहिलं, "आजच्या पोट्ट्यांत दमच नाही, म्हणून मांडी भरते. पहिल्या दिवसापासून शंभर बैठका अन् दहा चक्कर हाणा." वाचून डोकं तापलं. सोयाबीन निघेपर्यंत पोरं मैदानावर फिरकत नाहीत. दिवाळीनंतर सामन्यांची पत्रकं आली की दोन महिन्यांचा सराव आपण एका आठवड्यात कोंबतो. मांडीची मागची शीर, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा स्नायू, त्यातच जाते. 2011 मध्ये डेन्मार्कचा अभ्यास छापून आला. 50 फुटबॉल संघांपैकी जवळपास निम्म्यांकडून 10 आठवडे एक जादा व्यायाम करून घेतला. गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, कंबर न मोडता सावकाश पुढं झुकत जायचं. त्यांच्यात या शिरेच्या 15 दुखापती झाल्या, बाकीच्यांत 52. याले लागते काय? गुडघ्याखाली एक पोतं अन् एक दोस्त.

जुना खेळाडू, दिग्रस : ते दादा मीच. डेन्मार्कचं इथं सांगू नका. आम्ही दिवसभर वखर हाणून संध्याकाळी खेळत होतो, कोणाची शीर भरली नाही.

रेडर, मोर्शी : काका, ज्याची भरली तो घरी बसला, तुमाले दिसला नाही. माझा मोठा भाऊ रेड टाकताना बोनस रेषेचा गुण घ्यायले गेला अन् मांडीत टक् झालं. बर्फ लावायचा सोडून गरम तेलानं रगडलं. दुसऱ्या दिवशी काळंनिळं गुडघ्यामागं उतरलं. अजून कापसाची पराटी उपटताना वाकला की मांडीले हात लावते.

भरतीवाला, पुसद : कबड्डीवाल्यायले निदान माती तरी हाय. आमचं कोण पाह्यते? पोलीस भरतीत 1600 अन् 100 मीटर. जाहिरात निघाली की अकॅडमीवाले पहाटेच्या थंडीत डांबरी रोडवर थेट फुल स्पीडनं पळवतात. फी मात्र आधी.

जुना खेळाडू, दिग्रस : सगळ्याच अकॅडमी तशा नसतात बे! माझा पुतण्या तिथूनच लागला.

भरतीवाला, पुसद : अन् जे लंगडत घरी गेले त्यायचं काय? त्यायचा फोटो फ्लेक्सवर लावते का कोणी?

कबड्डी कोच, दर्यापूर : भाऊ, तुमचंही दुखणं तेच. आधी दहा मिनिटं हळू पळा, मग स्पीड टप्प्याटप्प्यानं वाढवा. पण फुल स्पीड टाळूही नका. सरावात कधीच जोरात न पळलेला पाय परीक्षेच्या दिवशी दगा देते.

जुना खेळाडू, दिग्रस : बरं, शंभर नको, वीसपासून चालू करा. पण रात्री बारापर्यंत मोबाइल अन् दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा, हे आधी बंद करा. तुमच्या डेन्मार्कात खर्रा नाही.

भरतीवाला, पुसद : मी खर्रा खात नाही, काका. मले पळाले मैदान पाह्यजे. शाळेच्या गेटचं कुलूप पहाटे कोण उघडणार, ते सांगा.