आरोपी खरोखर ‘सुटतो’ का?
मनोरुग्ण असल्याचे सिद्ध केले की आरोपी सहीसलामत सुटतो, असे काहींचे मत असते; ते मला पटत नाही. वेडाचे सोंग ओळखण्यासाठी कसून तपासणी हवी, एवढे मात्र मान्य. ज्या खटल्यानंतर मनोरुग्णतेच्या या बचावाचे निकष ठरले, त्यातील डॅनियल मॅकनॉटनने १८४३ मध्ये लंडनमध्ये पंतप्रधानांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडली, कारण टोरी (ब्रिटनमधील पुराणमतवादी) पक्षाची माणसे आपला पिच्छा पुरवतात अशी त्याची पक्की समजूत होती.

ड्रमंड पाच दिवसांनी दगावले. ज्युरीने मॅकनॉटनला दोषमुक्त ठरवले खरे, पण तो घरी परतलाच नाही. १८६५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, तो मनोरुग्णालयातच बंदिस्त होता. तुरुंगवासाला बहुधा मुदत तरी असते, त्याच्या कोंडीला तीही नव्हती.