कॅन्सर ‘हाडाचा’ की ‘हाडातला’? आणि ऑस्टिओब्लास्टिकला घरात काय म्हणावं?

मूळ प्रश्न

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांत ‘स्क्लेरोटिक, ऑस्टिओब्लास्टिक’ डाग असल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर हाडात गेलाय आणि तिथे नवं हाड तयार होतंय. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, “मग बरंच की, हाड भरून येतंय.” तिचा चेहरा इतका उजळला की मला पुढे बोलवेना. ‘अस्थिजनक’ असा शब्द सापडला, पण आमच्याकडे अस्थी म्हटलं की कलश आणि विसर्जनच डोळ्यांसमोर येतं. घरात बोलता येईल असा शब्द आहे का? शिवाय सगळे “हाडाचा कॅन्सर” म्हणतात, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

शेवटचा प्रश्न आधी घेतो. आपण “हाडाचा शेतकरी”, “हाडाचा शिक्षक” म्हणतो तेव्हा मुळातलाच, असा अर्थ असतो. त्या चालीने हाडाचा कॅन्सर म्हणजे हाडातच जन्मलेला, उदाहरणार्थ ऑस्टिओसार्कोमा. तो बहुतेकदा वयात येणाऱ्या मुलांना होतो, बऱ्याचदा गुडघ्याजवळ, आणि त्यात कॅन्सरच्या पेशी स्वतःच कच्चं हाड बनवतात. तुमच्या बाबांचा कॅन्सर हाडातला आहे, हाडाचा नाही. तो प्रोस्टेटचाच, वस्तीला हाडात गेलेला, आणि औषधंही प्रोस्टेटच्या कॅन्सरचीच चालतात. षष्ठी आणि सप्तमी इथे सांभाळायलाच हवी.

आता नवं हाड. हाडाची डागडुजी जन्मभर चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग दरवर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल आणि विकरं (एन्झाइम) सोडून जुनं हाड विरघळवतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तो खड्डा ऑस्टिओब्लास्ट भरतात, त्याला तीन-चार महिने. यातली खुबी अशी की विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावणारा निरोप, रँक-लिगँड नावाचं प्रथिन, भरणाऱ्या पेशींच्याच घराण्यातून येतो.

कॅन्सर नेमका हाच निरोप हाताशी धरतो. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी हाडात पीटीएचआरपी नावाचं द्रव्य सोडतात. त्याने रँक-लिगँड वाढतं, हाड जास्त विरघळतं, आणि हाडात साठवलेलं टीजीएफ-बीटा मोकळं होतं. त्यावर कॅन्सर पोसतो आणि आणखी पीटीएचआरपी सोडतो. संशोधक ज्याला दुष्टचक्र म्हणतात ते हेच. आपण गरिबीबद्दल हा शब्द वापरतो तसाच तो इथे बसतो.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने शिरतो. एंडोथेलिन-1सारखी द्रव्यं सोडून तो भरणाऱ्या पेशींनाच चेतवतो. हाड भराभर बनतं, पण त्याचे थर नीट बसत नाहीत. एक्स-रेमध्ये ते पांढरं, घट्ट दिसतं. ताकद मात्र कमीच असते, दुखतंही. आणि आजूबाजूला विरघळणं चालूच असतं, म्हणून ते थांबवणारी डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक ॲसिड ही औषधं प्रोस्टेटच्या रुग्णांनाही देतात. आईंना हे सांगायलाच हवं.

प्रतिसाद २

ग्रीक ‘क्लास्टोस’ म्हणजे मोडलेलं. मूर्तिभंजकासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्यातही तोच अंश, म्हणून ऑस्टिओक्लास्टचं ‘अस्थिभंजक’ झालं. मला ते पटत नाही. अस्थिभंग म्हणजे फ्रॅक्चर, आणि वर सांगितल्याप्रमाणे या पेशी काही मोडत नाहीत. ‘हाड विरघळवणाऱ्या’ हे लांब असलं तरी खरं आहे.

रिपोर्टमधल्या ‘लायटिक’साठी, म्हणजे विरघळून गेलेल्या हाडासाठी, ‘पोखरलेलं हाड’ लोक आधीपासून म्हणतात, त्याहून चांगला शब्द मिळायचा नाही. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये हाड पोखरलं जातं आणि भरणाऱ्या पेशीही गप्प केल्या जातात. बोन स्कॅन नव्या हाडाची खूण टिपतो, त्यामुळे तिथे पोखरण असूनही स्कॅन अनेकदा कोरा येतो.

आता ऑस्टिओब्लास्टिक. ‘ब्लास्टोस’ म्हणजे अंकुर. “हाड वाढलंय” म्हणू नका, ते टाचेच्या दुखण्यासाठी रूढ आहे. मी ‘माजलेलं हाड’ सुचवेन. शेतात तण माजतं तेव्हा हिरवं दिसतं म्हणून कुणी त्याला पीक म्हणत नाही. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या 735 मृत्यूंच्या नोंदी तपासून बी आणि मातीची उपमा दिली होती: बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र मानवेल त्या मातीत. तिच्याशीही हा शब्द जुळतो.

प्रतिसाद ३

अर्थ चोख आहे, पण ‘माजलेलं’ हे बाबांच्या कानावर पडणार आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात असे शब्द किती लागतात ते पाहिलंय. ‘थापलेलं हाड’ म्हणा. भिंतीला ओल आली की वरून गिलावा थापतात, भिंत जाड होते पण धरत नाही. हे आईंना लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘थापलेलं’ घेते. आईला काल रात्री गिलाव्याचंच उदाहरण दिलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे भरून येतंय म्हणायचं नाही.”

प्रतिसाद १

तो शब्द टाकून देऊ नका. उपचार लागू पडले की खराब झालेल्या जागी खरी डागडुजी सुरू होते, आणि पहिल्या काही महिन्यांत बोन स्कॅनवर डाग उलट गडद होऊ शकतात. डॉक्टर त्याला ‘फ्लेअर’ म्हणतात. दिसायला तेच नवं हाड, अर्थ उलटा. नुसत्या स्कॅनवरून ते ठरत नाही, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि पुढचे स्कॅन बघूनच डॉक्टर सांगतील. तसं झालं, तर त्याला आईंचाच शब्द लागेल: भरून येतंय.