'लॅग'ला एकच शब्द पुरतो का? रेंगाळणं, अडखळणं, खोळंबणं आणि 'गोम'

प्रश्नकर्ता:
मंडळी, गेली कित्येक वर्षं मी गेम खेळतोय, नवनवीन सॉफ्टवेअर वापरून बघतोय, आणि दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडी, काही संथ किंवा उशिरा चाललं की म्हणतात तो 'लॅग' येतो. 'लॅग होतंय', 'लॅग मारतोय', 'आज फार लॅग आहे'. परवा कळलं की या एका शब्दापायी माझे दोन आठवडे गेले.

झालं असं. दोघांनी समोरासमोर खेळायचा मारामारीचा गेम. समोरच्याचा ठोसा येताना दिसला की बटण दाबून अडवायचा. मी दाबायचो, आणि तरी ठोसा बसायचाच. 'लॅग आहे' म्हणालो. लॅग म्हटलं की पहिला संशय नेटवर जातो. राउटर बंद-चालू केला, त्याची जागा बदलली, शेवटी सरळ वायर जोडली. काडीचा फरक नाही. मग एके रात्री नेट बंद करून एकट्याने सराव करायला बसलो, तर तिथेही हात उशिराच वर येत होता. दोष टीव्हीत होता. चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून तो आलेल्या दोन चित्रांच्या मधे स्वतःची चित्रं तयार करून घालत होता, आणि मधलं चित्र बनवायचं तर पुढचं हातात येईपर्यंत थांबणं आलंच. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला. पहिलाच ठोसा अडला.

पहिल्याच दिवशी मी 'लॅग आहे'ऐवजी 'बटण दाबल्यावर चित्र मागून येतंय' म्हणालो असतो, तर राउटरला हातही लावला नसता. म्हणून विचारतो: या वेगवेगळ्या दुखण्यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? तुम्ही काय म्हणता?

पहिलं उत्तर:
'लॅग' चांगला रुळलाय, राहू द्या की. 'विलंब' म्हणालात तर खेळणारा पोरगा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. परका शब्द आपण 'मारणे' किंवा 'होणे' जोडून घरचा करतो, 'हँग मारतोय', 'रिस्टार्ट मार' तसंच हे.

प्रश्नकर्ता:
हाकलायचा नाहीच आहे तो. नाम म्हणून 'लॅग' राहू दे. मला हवं आहे ते क्रियापद, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते क्रियापद सांगतं, आणि इथे मराठी भलती श्रीमंत आहे. मी असं वापरू लागलोय:

माझ्या हाताच्या मागून चित्र येत असेल, तर ते रेंगाळतंय. माउस हलवला आणि बाण आळसावल्यासारखा मागे मागे आला, की हाच शब्द. टीव्हीचं माझं दुखणं हे.

चित्र सरळ चालता चालता मधेच ठेचकाळत असेल, तर ते अडखळतंय, किंवा गचके खातंय. हा प्रकार सगळ्यात फसवा, म्हणून जरा थांबून सांगतो. हलतं दृश्य म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, त्यातलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा एका सेकंदात बहुतेक फ्रेम वेळेत आल्या आणि दोनच फ्रेमना पन्नास-पन्नास मिलिसेकंद लागले. सेकंदाला किती फ्रेम आल्या ते सांगणारा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा ५६ दाखवेल, आणि आकडाच बघणारा म्हणेल की गेम छान चालतोय. डोळ्याला मात्र ते दोन गचके बरोब्बर कळतात. उलट सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदांना एक, पण न चुकता चालणारा गेम मंद असेल, अडखळणारा नाही. मला तरी मंद परवडतो, अडखळणारा नाही. 'लॅग' या शब्दात हा फरक पार बुडून जातो.

तिसरं, नेटचं. इथे 'पिंग' म्हणतात. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमचं ते नाव, पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून ठेवलेलं: आवाज सोडायचा आणि तो आदळून परत यायची वाट बघायची. आपण रोज तेच करतो. हाक मारतो, समोरचा ओ देतो. पिंग म्हणजे हाकेला ओ मिळायला लागलेला वेळ. तो वाढला की मी म्हणतो 'ओ उशिरा येतेय', आणि ऐकणाऱ्याला एकदाही समजावून सांगावं लागलेलं नाही. काही पिंग तर सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा पलीकडचा संगणक, कितीही महागडा लावला तरी कमी होणार नाही, कारण काचेच्या तारेत प्रकाशच सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले.

दुसरं उत्तर:
रेंगाळणं आणि अडखळणं पटलं. नेटसाठी 'दिरंगाई' का नको? वर्तमानपत्री आहे, पण सगळ्यांना कळतो.

प्रश्नकर्ता:
'दिरंगाई'त दोषारोप आहे. कुणीतरी करायचं काम हलगर्जीपणाने लांबवलं, असा त्याचा सूर. प्रकाशाला लागलेल्या वेळाला दिरंगाई म्हणणं अन्यायाचं होईल. 'विलंब' त्या मानाने तटस्थ, लिहिताना मी तोच लिहीन. 'खोळंबा' तिसऱ्याच बाजूने बघतो: उशीर कुणी केला हे तो सांगत नाही, वाट बघणाऱ्याचं काय झालं ते सांगतो. चौघे खेळाडू तयार बसलेत आणि पाचव्याचा नकाशा अजून उघडतोय, तर तो खोळंबा. आणि ९९ टक्क्यांवर येऊन तासभर तिथेच बसणारं डाउनलोड रखडतं. दिरंगाई हा शब्द मी एकाच ठिकाणी मनापासून वापरीन: सहा महिन्यांपूर्वी सविस्तर कळवलेली चूक कंपनीने अजून दुरुस्त केलेली नसते तेव्हा.

तिसरं उत्तर:
मंदपणा दर वेळी वाईटच असतो असं नाही, हे नोंदवून ठेवतो. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा शत्रूंची फौज टिपायचा गेम आठवा. पडद्यावर ५५ शत्रू, आणि तो प्रोसेसर एका फ्रेममध्ये एकच शत्रू हलवायचा. सगळे उभे असताना अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद लागे. तुम्ही एकेक टिपत गेलात की फौज आपोआप झपाझप चालू लागे, आणि शेवटचा उरलेला तर हाती लागत नसे. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच राहू दिलं, आणि खेळाची सगळी रंगत त्यातूनच आली.

दुसरं विचारायचं होतं ते 'बग'बद्दल, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीबद्दल. किडा म्हणावं की दोष?

प्रश्नकर्ता:
या प्रश्नाची मी वाटच बघत होतो! दोन्ही नको. 'दोष' फार पसरट, आणि 'किडा' म्हटलं की डोक्यात वळवळणारा आठवतो. आपल्याकडे 'गोम' आहे. सरपटणारा, पुष्कळ पायांचा, फटीत दडणारा जीव तोही गोमच, आणि 'खरी गोम इथे आहे' म्हणताना वरून न दिसणारी मेख तीही गोमच. इंग्रजीत जीव आणि दोष एकाच शब्दात आले म्हणून त्याची केवढी गोष्ट सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या गणनयंत्राच्या रिलेत, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या कळीत, पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी लिहिलं की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. त्या वाक्यावरूनच कळतं की शब्द आधीपासून वापरात होता. एडिसनने १८७८ मध्येच तो यंत्रातल्या अडचणीसाठी वापरला होता. आपल्याकडे ही जोडी पतंगाशिवायच तयार आहे. 'बग सापडला' आणि 'गोम सापडली' हे एकदा म्हणून बघा. दुसऱ्यात शोधाशोध केल्याचं समाधान आहे.

चूक दुरुस्त करायला मागून पाठवतात त्या 'पॅच'ला 'ठिगळ' म्हणायलाही मला आवडतं. पूर्वी छिद्रांच्या कागदी फितीवर प्रोग्रॅम असे आणि चुकलेल्या जागी खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. नवा गेम घेतला की खेळायच्या आधी भलंमोठं ठिगळ उतरवायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो. नव्या कापडाला पहिल्याच दिवशी ठिगळ लागत असेल, तर ते अजून विकायला आणायचं नव्हतं.

पहिलं उत्तर:
'गोम' मान्य. पण मराठीतून मेनू लावला की मला रोज छळतो तो शब्द 'रद्द'. डाउनलोड थांबवायला जातो. पाटी येते, 'डाउनलोड रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता 'रद्द करा' म्हणजे डाउनलोड रद्द की माझं रद्द करणं रद्द?

प्रश्नकर्ता:
हा शब्दाचा दोष नाही, शब्द बसवणाऱ्याने पाटी वाचलीच नाही, याचा दोष आहे. त्याच्यासमोर शब्दांची यादी असते, पडदा नसतो. बटणावर काय होणार तेवढंच लिहावं: 'डाउनलोड थांबवा' आणि 'चालू राहू द्या'. प्रश्न न वाचतादेखील माणूस बरोबर बटण दाबेल.

आता एक शब्द मलाच हवा आहे. पान उघडतं, हवं ते बटण दिसतं, बोट खाली येतं, आणि बोट टेकायच्या क्षणी वरून एखादी जाहिरात उगवते, सगळं खाली सरकतं, बोट भलत्याच जागी पडतं. रोज होणाऱ्या या छळाला माझ्याकडे नाव नाही.

दुसरं उत्तर:
हुलकावणी. बटणाने हुलकावणी दिली.

प्रश्नकर्ता:
मिळाला! कालच असल्या एका पानाबद्दल तक्रार अर्धवट लिहून ठेवली होती. आता पहिल्याच ओळीत लिहितो: 'पैसे भरायचं बटण हुलकावणी देतं, जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा.'